सावर्ड्याला वाळू नाही

चाकण, पुणे
१६ एप्रिल २०२५

मन्सूर मामू,
अस्सलामु अलैकुम.

तुमचं पत्र काल मिळालं. पिकअपबद्दल लिहिण्याआधी एक विचारते. पत्र का? मी पुण्यात आल्यापासून तुम्ही मला एकही पत्र लिहिलेलं नाही. ईदच्या दिवशी आपण फोनवर बोललो, तेव्हा सुरमईच्या भावापासून शेजारच्या बोकडापर्यंत सगळं सांगितलंत. पिकअपचं नाव काढलं नाहीत. म्हणजे ही गोष्ट घरातल्या कुणासमोर तरी बोलायची नव्हती. कुणासमोर, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

दुसरं. तुम्ही दोह्याच्या गॅरेजमध्ये अठरा वर्षं अशाच गाड्यांखाली काढलीत. मी गाड्यांच्या चाचणी विभागात आहे खरी, पण माझ्याकडे गाड्या नव्या कोऱ्या येतात. जुनी गाडी पारखणं हे तुमचं काम, माझं नाही. मग मला का विचारता?

सांगायचं नसेल तर नका सांगू. मी नोंद करून ठेवते आहे, एवढंच.

आता तुमचा प्रश्न. अशी ताकदीची पिकअप एवढ्या किमतीची असते का? ती कशासाठी हवी यावर ते ठरतं. तुम्ही लिहिलेलं मॉडेल मला माहीत आहे. साध्या पिकअपच्या मागे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांचे कमानपाटे असतात, तुमच्या जेटीवरच्या बर्फाच्या गाड्यांना असतात तसे. या महाग गाडीत ते काढून गोल स्प्रिंग बसवल्या आहेत. त्यामुळे ती खडबडीत रस्त्यावरून सुसाट जाते आणि आतल्या माणसाला हादरा लागत नाही. पण त्याच कारणाने ती साध्या गाडीपेक्षा कमी ओझं उचलते. बर्फात भरलेल्या पेट्या वाहायच्या असतील, तर तुम्ही जास्त पैसे देऊन कमी काम विकत घेताय.

किमतीत इंजिनाचा, ब्रेकचा, स्प्रिंगचा वाटा खरा आहे. त्यावरची रक्कम गाड्या थोड्या आणि हौशी लोक पुष्कळ, म्हणून चढलेली आहे. वापरलेली गाडी कुणी शोरूमच्या भावाने विकतो, तेव्हा तो तुमच्या घाईची किंमत लावत असतो.

गाडी पाहिल्याशिवाय मी हो किंवा नाही म्हणणार नाही. फोटो पाठवा. चासीचे खालून, मागच्या स्प्रिंगचे जवळून, आणि सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून त्याचा. गाडी कधी पुरात उभी राहिली असेल तर बेल्टच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. ती धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही. फोनवर पाठवू नका, बारकावे जातात. स्टुडिओत मोठे छापून घ्या.

मरियम मामीला सलाम.

मनाल

*

राजिवडा, रत्नागिरी
२४ एप्रिल

मनाल बेटी,
वालेकुम अस्सलाम.

पत्र वाचून वाटलं, पोलीस ठाण्यातून समन्स आलं. "नोंद करून ठेवते आहे!" अगो, मामा आहे मी तुझा, आरोपी नाय.

पत्र का, तर तुझी मामी स्पीकर लावल्याशिवाय फोनवर बोलत नाही आणि खिडकी उघडल्याशिवाय स्पीकर लावत नाही. सौदा व्हायच्या आत अख्ख्या राजिवड्याला भाव कळतो. आणि तुला का विचारलं, तर मामी म्हणते, "मनाल हो म्हणाली तर माझी ना नाय." झालं समाधान?

गाडी सावर्ड्याला आहे, हायवेला, विनोद दलालाच्या शेडमध्ये. मालक मंडणगडकडचा कंत्राटदार. हौसेने घेतली, आता त्याला त्याहून मोठी हवी. आपल्या अनसला तर त्या गाडीने पागल केलंय. उठता बसता तेच. चोवीस वर्षांचा पोरगा, लाँचचं सुकाणू धरून तांडेल म्हणून किती वर्षं खारं पाणी खात राहणार? गाडी आली की हॉटेलांना मासळी पोचवील, हंगामात आंब्याच्या पेट्या नेईल, पर्यटकांना फिरवील. जमिनीवर कमावणारा माणूस रोज घरी जेवतो.

पैशांचं विचारशीलच, म्हणून आधीच सांगतो. लाँच विकतोय. हर्णैचं गिऱ्हाईक आहे, मासेमारीची बंदी लागायच्या आत व्यवहार हवा म्हणतं. लाँच जाईल आणि गाडी येईल, वर काही घालायला नको.

तू म्हणतेस कमी ओझं उचलते. उचलू दे. मला एवढंच ठाऊक आहे की महाग वस्तू वाटेत दगा देत नाही. स्वस्ताच्या मागे लागलं की काय होतं ते... बरं, जाऊ दे.

फोटो अनसने स्वतः सावर्ड्याला जाऊन काढले, स्टँडजवळच्या स्टुडिओत छापून आणले. एकेक करून पाकिटात घालतोय. नीट बघ. भिंग लावून बघ. तू बघशीलच म्हणा.

तुझा मामू,
मन्सूर

ता. क. मामी विचारते, बकरी ईदला येणार, की तेव्हापण तुम्हाला गाड्या भिंतीवर आपटायच्या असतात?

*

चाकण
२ मे

मन्सूर मामू,
अस्सलामु अलैकुम.

फोटो मिळाले. माझं पुढचं पत्र येईपर्यंत विनोदला विसार देऊ नका आणि हर्णैच्या माणसाला शब्द देऊ नका. कारण आत्ता लिहीत नाही. अर्धवट माहितीवर लिहायची मला सवय नाही.

मामीला सांगा, सुट्टीचं अजून ठरलेलं नाही.

मनाल

*

चाकण
२ मे

अनस,

हे पत्र भाट्याला भागोजीकाकांच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुमच्या लाँचवरचे सर्वांत जुने खलाशी तुझ्या घरी न सांगता तुला पत्र देतील, असं मी धरून चालले आहे. चूक असेल तर माझी.

तू काढलेले फोटो फोनवर उघडून समोर ठेव.

लाल गाडी पुढून, बाजूने, नंबरप्लेटसह. ही सावर्ड्याची गाडी. सीट बेल्ट तिचाच, स्वच्छ आहे. मग खालून काढलेले फोटो. चासीला गंजाचे पापुद्रे, एका जागी आरपार भोक. पाहताक्षणी मी विनोदवर संशय घेतला आणि मामूंना 'घेऊ नका' असं लिहायला कागदही काढला.

मग मागच्या स्प्रिंगचा फोटो पाहिला. त्यात कमानपाटे आहेत. त्या गाडीला कमानपाटे नसतात. तिची निम्मी किंमत ते नसण्याचीच आहे.

चाकांखालची जमीनही बघ. लाल गाडीच्या टायरना तांबडी माती लागलेली आहे. खालून काढलेल्या फोटोंत पांढुरकी वाळू आहे, तिच्यात शिंपल्यांचा चुरा. सावर्ड्याला वाळू नाही, अनस.

म्हणजे गाड्या दोन. दलालाला फसवायचं असतं तर त्याने सडक्या गाडीच्या नावावर चांगल्या गाडीचे फोटो दिले असते. इथे चांगल्या गाडीच्या नावावर सडकी गाडी आहे. यात विकणाऱ्याचा फायदा नाही, दलालाचा नाही. ज्याला हा सौदा मोडायचा आहे, फक्त त्याचा आहे. फोटो तू काढलेस.

मामू लिहितात, त्या गाडीने तुला पागल केलंय. तुम्हा दोघांपैकी एकजण खोटं बोलतोय. कदाचित दोघंही.

आणखी एक. ऑक्टोबरात लाँचला काय झालं होतं? मला फोनवर एवढंच कळलं की इंजिन 'जरा' बिघडलं होतं. मामू 'जरा' हा शब्द मोठ्या गोष्टींसाठी वापरतात.

मामूंना मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगणार नाही, असंही म्हणत नाही.

मनाल

*

भाट्ये
९ मे

मनाल आपा,

तुझ्याशी जो लग्न करील त्याला अल्ला सबर देवो.

हो, मीच केलं. ती माझ्या दोस्ताची, झैनची बर्फाची गाडी. भाट्याच्या किनाऱ्यावर पाण्यात घालून होड्या ओढतो, तिचा पार खुळखुळा झालाय. मला वाटलं, गंज बघितलास की तू 'नको' लिहिशील आणि खेळ खलास. कमानपाटे कोण मोजत बसतं? तू.

मी ती गाडी कधीच मागितली नाही. एकदा तिच्यात बसलो, तेही अब्बांनी बसवलं म्हणून. खरं सांगतो, मस्त आहे. गाडीत नाय, हॉटेलात बसल्यासारखं वाटतं. पण बाहेर उतरलो आणि अब्बा विनोदला म्हणतात, "पोराचं मन बसलंय." तेव्हाच नाही म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं नाही. आता ते मोहल्लाभर सांगत फिरतात, अनसला हवी, अनसला हवी.

मला लाँच हवी आहे, आपा. मला दुसरं काही येत नाही आणि हे चांगलं येतं.

ऑक्टोबरचं विचारलंस. समुद्राचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवणारा पंप फुटला. इंजिन तापून बंद पडलं. वायरलेसची बॅटरी भिजलेली. वाऱ्यावर वाहत पार जयगडच्या पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी एका लाँचवाल्याने दोर टाकून ओढून आणलं. भागोजीकाका तेवढ्यात पण सुधारला नाही. म्हणतो, "अनस, आता तरी लगीन कर मेल्या, म्हणजे कोणतरी वाट बघील."

जेटीवर अम्मी होती. अब्बा नव्हते. ते घरी खाटेवर बसून होते.

तो पंप अब्बांनी बसवला होता. स्वतःच्या हाताने, ऑगस्टात. बाजारात स्वस्त मिळाला म्हणून खूश होते. बनावट निघाला. त्या दिवसापासून त्यांनी पान्याला हात लावलेला नाही. घरचा मिक्सर बिघडला तरी दुकानात पाठवतात. मी त्यांना एक शब्द बोललो नाही. ते पण मला बोलले नाहीत.

तू फक्त एक ओळ लिही. 'गाडी सडकी आहे.' तुझ्यावर अब्बांचा विश्वास आहे. लाँच वाचेल, भागोजीकाकाची रोजी वाचेल. एक ओळ, आपा.

अनस

*

चाकण
१५ मे

अनस,

ती ओळ मी लिहिणार नाही. मी ती गाडी पाहिलेली नाही, आणि जी पाहिली ती गाडी कुणी विकत नाही.

मामूंना काय लिहायचं ते मी ठरवते आहे. तोवर आणखी फोटो काढू नकोस.

मनाल

*

राजिवडा
१५ मे

मनाल बेटी,

तुझ्या पत्राची वाट बघून डोळे दुखले. हर्णैवाला पुढच्या आठवड्यात लाँच बघायला येतोय. विनोद म्हणतो, गाडीला पुण्याहून दुसरं गिऱ्हाईक आहे. दलाल आहे, म्हणणारच. पण खरंच असेल तर?

मला लांबलचक नको. गाडी घेऊ की नको? एका शब्दात कळव.

मन्सूर

*

चाकण
१८ मे

मन्सूर मामू,
अस्सलामु अलैकुम.

एक शब्द: नको. बाकीचं लिहावंच लागेल, नाहीतर या एका शब्दाचा तुम्ही हवा तो अर्थ लावाल.

सावर्ड्याची गाडी सडकी आहे असं मी म्हणत नाही. तिच्या खालचे फोटो माझ्यापर्यंत आलेलेच नाहीत. आले ते दुसऱ्या गाडीचे, कमानपाट्यांच्या. ते कुणी काढले हे तुम्हीच लिहिलं होतंत. का काढले, हे मी लिहिणार नाही.

पण ते पाकिटात तुम्ही घातलेत. एकेक करून, असंही लिहिलंत. अठरा वर्षं गाड्यांखाली पडून काम केलेल्या माणसाला कमानपाटा आणि गोल स्प्रिंग यांतला फरक दिसला नाही, हे मी मानत नाही. पाकीट बंद करायच्या आधीच तुम्हाला कळलेलं होतं. तेव्हा अनस बाजूच्या खोलीत असेल. त्याला न विचारता तुम्ही फोटो पुण्याला पाठवलेत आणि मला म्हणालात, नीट बघ. तुम्हाला गाडीवर माझं मत नकोच होतं. अनसला कुणीतरी विचारायला हवं होतं, आणि ते तुम्हाला जमत नव्हतं.

मी विचारलं. उत्तर माझ्याकडे आहे. पण ते तुमचं आहे, तेव्हा त्याच्याकडूनच घ्या.

आता किमतीचं. तुम्ही लिहिलंत, महाग वस्तू दगा देत नाही. आमच्या विभागात चाचणीत तुटलेल्या भागांचं एक कपाट आहे. त्यातले बरेचसे महाग गाड्यांचे आहेत. ऑक्टोबरातला पंप बनावट होता म्हणून फुटला. तसा पंप बाहेरून मलाही ओळखता आला नसता. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तो कापून पाहिल्याशिवाय ओळखता येतच नाही.

पिकअपच्या किमतीत काय काय असतं ते मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. त्यात एक गोष्ट राहिली, कारण तेव्हा मला माहीत नव्हती. अनस रोज घरी जेवायला असेल, ही. तुम्ही सर्वांत जास्त पैसे तिचेच देताय, आणि ती त्या गाडीबरोबर येत नाही. तो लाँच गेल्याचं दुःख घेऊन गाडी चालवील. मुंबई-गोवा हायवे काही समुद्रापेक्षा दयाळू नाही.

लाँचचं इंजिन पूर्ण उघडून तपासणं, खात्रीच्या ठिकाणचा पंप, त्याच्या जोडीला एक जादा, कोरड्या जागी बसवलेली वायरलेसची बॅटरी. हे सगळं त्या गाडीच्या एका चाकाच्या किमतीच्या आसपास होईल. त्याने समुद्र सुरक्षित होईल असं मी म्हणत नाही. तसं कुणी लिहून दिलं तर त्याच्यावर संशय घ्या.

मनाल

*

राजिवडा
२६ मे

मनाल बेटी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग मामीला वाचून दाखवलं. खिडकी लावून घेऊन.

विनोदला नाही कळवलं, पण त्याआधी एक काम केलं. शुक्रवारी नमाज झाल्यावर अनसला म्हटलं, "चल, सावर्ड्याला जाऊन गाडी बघून येऊ." त्याचं तोंड बघायला हवं होतंस.

शेडमध्ये पोतं अंथरलं आणि गाडीखाली शिरलो. त्याला म्हटलं, तूही ये. दोघे शेजारी शेजारी आडवे. वर बोट दाखवलं.

"ह्याला काय म्हणतात?"

"गोल स्प्रिंग."

"आणि फोटोत काय होतं?"

मग हळूच म्हणतो, "अब्बा, तुम्हाला कधी कळलं?"

म्हटलं, "मेल्या, स्टुडिओच्या पाकिटातून काढल्या काढल्या."

त्याला हसू फुटलं. मग मलाही. विनोद बाहेरून ओरडतोय, "चाचा, काय गळतंय काय?"

गाडीखाली एक बरं असतं. दोघांनीही वर बघायचं असतं, एकमेकांकडे नाही. तिथे त्याने सांगायचं ते सांगितलं. मी पंपाचं बोललो. तो म्हणाला, "अब्बा, त्या दिवशी जेटीवर मी तुम्हालाच शोधत होतो." त्यावर मी काय बोललो ते तुला लिहीत नाही. त्याची नोंद तुला नको.

गाडी खरंच चांगली आहे गो. खालून एक डाग नाही. पण तू म्हणतेस ते बरोबर, मला हवं ते तिच्यात नव्हतं.

लाँच विकत नाही. हर्णैवाल्याला चहा पाजून परत पाठवला. यंदा वारा लवकर उठला म्हणून बंदीच्या आधीच लाँच वर ओढून घेतली. भागोजीने शाकारायला माडाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप आणून टाकलेत आणि रोज येऊन आम्हाला शिव्या देतो, की झाकायची कधी? झाकत नाही, कारण इंजिन उघडायचं आहे.

मामीची एक अट आहे. माझीही तीच. मनालने स्वतः इंजिन बघून 'चालेल' म्हटल्याशिवाय बंदी उठली तरी अनस लाँच पाण्यात घालणार नाही. काम मी करीन, पाना पुन्हा हातात घेईन. पण शब्द तुझा. अनसने कबूल केलंय.

तेव्हा पोरी, इतके दिवस तुला नको म्हणायचं होतं. ते सोपं होतं. आता हो म्हणायचं आहे.

तुझा मामू,
मन्सूर

*

चाकण
३० मे

मन्सूर मामू,
अस्सलामु अलैकुम.

तुमचं पत्र मिळालं तेव्हा मी चाचणीच्या मध्यात होते. पुढचं काम दुसऱ्याला दिलं. हे मी सहसा करत नाही.

हो म्हणेनच, असं समजू नका. ईदला येते. सुट्टी मंजूर झाली आहे. इंजिन उघडून ठेवा, पण पुसू नका, तेल कुठून गळतं ते पुसल्यावर दिसत नाही. ऑक्टोबरातला पंप टाकून दिला नसेल तर ठेवा. आपण दोघं मिळून तो कापू. तुम्हाला आत बघायला हवं.

भागोजीकाकांना सांगा, झाप थांबू देत. पाना तुम्ही धरा, टॉर्च मी धरीन.

फोटो पाठवू नका.

मनाल